थेंबभर वंगण



माझी ओळख कवी अशी करून दिली जाते, त्यामुळे आज मी कवितेवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण आजचा विषय आहे टेपची फीत. तीच ती तपकिरी, चकचकीत, बोटाला गुंडाळली जाणारी फीत. कॅसेट अडकली की आपण पेन्सिल घालून फिरवायचो, ती. टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारवाल्याकडे गेले, पण कपाटाच्या खालच्या कप्प्यात, बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेट्स पुष्कळ घरांत अजून आहेत. त्यातल्या सिनेमाच्या गाण्यांची काळजी नको, ती दहा ठिकाणी मिळतात. काळजी करायची ती अशा कॅसेटची, जिच्यावर बॉलपेनानं नुसतंच ‘आई’ किंवा ‘बारसं’ किंवा ‘काकांचं भजन’ असं लिहिलेलं असतं. त्या आवाजाची जगात दुसरी प्रत नाही.

आणि अशी कॅसेट वीस-पंचवीस वर्षांनी कुठूनतरी मशीन मिळवून लावावी, तर आतून येतो एक कर्कश चीत्कार. गंजक्या बिजागरीचा येतो तसा. कधी फीत मध्येच थबकते. आपण म्हणतो, ‘खराब झाली’, आणि फेकून देतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की थांबा. किंचाळणारी फीत मेलेली नसते.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. फिती मुख्यतः दोन थरांच्या असतात. खाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे साध्या भाषेत एका जातीच्या गंजाची, अतिशय बारीक पूड. ही पूड पट्टीवर धरून ठेवायला एक चिकटद्रव्य वापरलेलं असतं. त्याच चिकटद्रव्यात फीत सरकत राहावी म्हणून थोडं वंगणही मिसळलेलं असतं. आवाज साठतो तो त्या गंजाच्या कणांच्या चुंबकत्वात. १९२८ साली जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी कागदाच्या पट्टीवर लोहाची पूड चिकटवून ही कल्पना मांडली. १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे यंत्र लोकांनी पाहिलं. आणि १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीनं त्याच शहरात आपली ती छोटी कॅसेट आणली, जी पुढं आपल्या गल्लीबोळांत, रिक्षांत, लग्नमंडपात पोचली.

आकडे ऐकले तर नवल वाटेल. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते. रुंदी चार मिलिमीटरपेक्षाही कमी. जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी, म्हणजे आपल्या केसापेक्षा किती तरी पातळ. दर सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या संथ गतीनं ती वाचणाऱ्या ‘हेड’ला घासत जाते. घासत जाते, हे लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्या घासण्याची आहे.

फीत गुळगुळीत सरकली तर आवाज नीट येतो. पण पृष्ठभाग थोडा जरी चिकट झाला, की ती हेडला क्षणभर धरते, मग सुटते, पुन्हा धरते, पुन्हा सुटते. सेकंदाला शेकडो वेळा. व्हायोलिनची तार गजाला नेमकी अशीच धरते आणि सुटते, म्हणून ती वाजते. म्हणजे किंचाळणारी फीत ही बिचारी व्हायोलिन झालेली असते, पण आपल्याला तिच्याकडून आजीचा आवाज हवा असतो.

फीत चिकट का होते? मोठं कारण आहे दमटपणा. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या अनेक नामांकित फितींत जे पॉलियुरेथेनचं चिकटद्रव्य वापरलं गेलं, ते हवेतलं पाणी शोषून हळूहळू तुटत जातं. मग फीत चिकचिकीत होते, हेडवर तपकिरी लगदा जमतो. अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीला तर आपल्याच फिती दुरुस्त करण्यासाठी उपाय शोधावा लागला आणि १९९३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. उपाय असा, की फीत सुमारे ५४ अंश सेल्सियसला काही तास नियंत्रित उष्णतेत ठेवायची. पाणी निघून जातं, चिकटपणा उतरतो आणि काही आठवडे फीत वाजवता येते. तेवढ्यात उतरवून घ्यायची. हा कायमचा इलाज नाही. आजाऱ्याला दोन शब्द बोलता यावेत एवढी शुद्ध येते, असं म्हणा. आणि हे घरच्या ओव्हनमध्ये करायचं काम नव्हे. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही.

काही फिती मात्र भाजूनही सुधारत नाहीत. त्या लगदा सोडत नाहीत, नुसत्या किंचाळतात. पूर्वी समज असा होता, की त्यांच्यातलं वंगण संपलं. कॅनडातले ध्वनिफीत-तज्ज्ञ रिचर्ड हेस यांनी २००८ साली एका लेखात दाखवून दिलं, की गोष्ट तेवढी सोपी नाही. अनेक फितींत वंगण शिल्लक असतं, पण चिकटद्रव्यच इतकं मऊ झालेलं असतं, की खोलीच्या साध्या तापमानालाही ते नरम राहतं. गूळ उन्हाळ्यात पाघळतो आणि थंडीत टणक होतो, तसं समजा. म्हणून त्यांनी अशा फिती मशीनसकट थंडीत ठेवून वाजवून पाहिल्या, आणि त्या वाजल्या.

दुसरा मार्ग बाहेरून वंगण देण्याचा. फीत हेडकडे जाता जाता तिला अगदी पातळ द्रवाचा स्पर्श करायचा. काही ठिकाणी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. फीत ओली असेपर्यंत सरकते आणि अल्कोहोल उडून जातं. पण काही फितींचं चिकटद्रव्य त्यानंच सुटतं, तेव्हा टोकाच्या कोऱ्या भागावर आधी पाहावं लागतं. काही तज्ज्ञ ‘डी-फाइव्ह’ नावाचं उडून जाणारं सिलिकॉन वापरतात. हेच द्रव्य सौंदर्यप्रसाधनांतही असतं. युरोपीय संघानं २०२० पासून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्याच्यावर बंधन घातलं, कारण ते पाण्यात जाऊन टिकून राहतं. फितीवर मात्र ते टिकत नाही, काम करून हवेत निघून जातं. हाच त्याचा गुण.

आता कुणी म्हणेल, मग शिलाई मशीनचं तेल का नको? खोबरेल का नको? केसांना लावायचं सीरम का नको, त्यातही सिलिकॉन असतंच की! याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते भाषेशी निगडित आहे. फितीवर आवाज लाटेच्या रूपानं असतो आणि त्या लाटेची लांबी मोजता येते. ‘स’, ‘श’ या वर्णांमधला सीत्कार सहा हजार हर्ट्‌झच्या आसपास असतो. कॅसेटवर त्याची लाट भरते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम आठपट. फीत आणि हेड यांच्यात मिलिमीटरचा एक हजारावा भाग एवढं जरी तेल साचलं, तरी हा सीत्कार निम्म्याहून खाली उतरतो. उलट ‘आ’, ‘ओ’ यांचा भरीव नाद लांब लाटांचा, त्याचं फारसं काही बिघडत नाही. म्हणजे जाड तेल घातलेल्या फितीत स्वर उरतात आणि व्यंजनं जातात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. आणि ते तेल राहतं ते राहतंच, वर धूळ धरतं. म्हणून वंगण असं हवं, की जे येईल, काम करील आणि मागं काही न ठेवता निघून जाईल.

मी राहतो कल्याणजवळच्या मोहन्यात. उल्हास नदीच्या काठचं हे गाव नॅशनल रेयॉनच्या कारखान्यामुळं ओळखलं गेलं. २००९ साली तो बंद पडला. माझे अब्बा तिथंच कामाला होते. लाकडाच्या लगद्यातला सेल्युलोज रसायनांत विरघळवून त्याचा रेशमासारखा धागा काढायचा, हे तिथलं काम. पुढं वाचताना समजलं, की जुन्या काळच्या टेपची खालची पट्टीसुद्धा याच सेल्युलोजपासून केलेली असे, त्याला ॲसिटेट म्हणतात. या ॲसिटेटची फीत सडू लागली, की तिला व्हिनेगरचा आंबट वास येतो. अशी फीत भाजायची नसते, ती आक्रसते आणि वेडीवाकडी होते. रसायनांच्या वासात वाढलेल्या मोहनेकरांना हे नाकानं ओळखणं अवघड जाऊ नये!

आमच्या कॉलनीत सगळ्या महाराष्ट्रातून माणसं आली होती. बाप्ये पाळीवर, बाया घरी. कुणाचं माहेर जुन्नरकडं, कुणाचं मराठवाड्यात. अशाच एक काकू दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्याकडं एक कॅसेट घेऊन आल्या. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही रेडिओवर बोलता, तुम्हाला यातलं कळत असेल. माझ्या आईच्या ओव्या आहेत. दिवाळीला माहेरी गेले होते तेव्हा भावानं भरून दिल्या. आता लावली की नुसती ओरडते.”

मी त्यांना कल्याणला एका जुन्या मिस्त्रीकडं घेऊन गेलो. रेडिओ-टेप दुरुस्तीत त्यांची हयात गेली आहे. त्यांनी कॅसेट मशीनमध्ये घातलीच नाही. आधी नाकाशी धरली, मग भिंगातून पाहिली, पांढरी बुरशी नाही ना म्हणून. मग बारीक स्क्रू काढून फितीची दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या कवचात बसवली. जुन्या कवचातली नमद्याची गादी, जी फितीला हेडवर दाबून धरते, ती पार गळून पडली होती. हेड स्वच्छ केलं. काकू म्हणाल्या, “थोडं तेल सोडा ना.” मिस्त्री म्हणाले, “काकू, तेल दाराला. हिला नाही.”

नव्या कवचात किंचाळणं निम्मं झालं, पण गेलं नाही. तेव्हा त्यांनी फितीच्या कोऱ्या टोकावर आधी तपासून, त्या उडत्या सिलिकॉनचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर घेतला आणि चालत्या फितीला हलकेच टेकवला. त्याआधी कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रण सुरू करून ठेवलं होतं. म्हणाले, “पहिलीच खेप शेवटची समजायची.”

आवाज आला. जात्याची घरघर, एका कोंबडीचं ओरडणं, कुणाचा तरी खोकला आणि त्यावर एका म्हातारीचा स्वच्छ, उंच सूर. अकरा मिनिटं. मध्ये दीड मिनिट नुसती खरखर होती, तिथं फितीवर काही उरलंच नव्हतं. काकू मान खाली घालून ऐकत होत्या. ओवीत बायका भावाचं, लेकीचं नाव गुंफतात, तुम्हाला ठाऊक आहे. एका ओवीत एक नाव आलं आणि काकूंनी चटकन वर पाहिलं. मी विचारलं, “कोण ही?” त्या म्हणाल्या, “मी. लग्नात नाव बदललं. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी राहिलं नाही.”

मंडळी, आपल्याकडं लग्नानंतर बाईचं नाव बदलण्याची रीत किती घरांत होती, सांगायला नको. रेशनकार्डावर नवं नाव, मतदारयादीत नवं नाव. जुनं नाव राहतं ते फक्त माहेरच्या तोंडात. माहेरची तोंडं मिटत गेली, की ते नाव जातं. काकूंचं नाव मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या पातळ पट्टीवर शिल्लक होतं.

ओव्यांचं हे धन मोठ्या प्रमाणावर जतन करण्याचं काम आपल्याच महाराष्ट्रात झालं आहे, त्याचा उल्लेख करायलाच हवा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या. त्या आधी कागदावर उतरवल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली असाच नोंदला गेला. पॉइतवँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. पण ते भांडार उरलं, आणि २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर ते कुणालाही ऐकता येतं. यातलं ध्वनिमुद्रण डॅट नावाच्या डिजिटल फितीवर झालं होतं. डिजिटल म्हटलं, तरी शेवटी तीही चुंबकीय फीतच. सोनी कंपनीनं डॅटची यंत्रं बनवणं २००५ मध्ये थांबवलं. फीत टिकली तरी ती वाजवणारं यंत्र टिकत नाही, हा दुसरा धोका. या मंडळींनी वेळेवर ते उतरवून घेतलं म्हणून आज आपण ऐकतो आहोत.

आमच्या घरांतही जातं होतं. दख्खनमध्ये सूफी परंपरेतली ‘चक्कीनामा’ नावाची गाणी बायका दळताना म्हणत. विजापूरच्या सूफींवर लिहिताना इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. जात्याचा खुंटा, त्याचा फिरता दगड, हे सगळं त्या गाण्यांत देवाच्या वाटेच्या खुणा होऊन येतं. माझी नानी दळताना दख्खनीत काहीतरी गुणगुणायची, असं अम्मी सांगते. आमच्या घरी तेव्हा टेपरेकॉर्डर नव्हता, त्यामुळं सांगण्यापलीकडं हातात काही नाही. ओवी काय आणि चक्कीनामा काय, जातं एकच, पहाट एकच. एक आवाज फितीवर आला, एक आला नाही, एवढाच फरक.

युनेस्को आणि ध्वनी-दृश्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये जगभर इशारा दिला होता, की २०२५ च्या सुमारास फिती वाजवणारी चालू यंत्रं आणि ती दुरुस्त करणारी माणसं इतकी विरळ होतील, की पुष्कळसा आवाज कायमचा अडकून पडेल. ते २०२५ साल आपल्या डोळ्यांसमोर उगवलं. मोठ्या संस्थांकडं तज्ज्ञ असतात. मुंबईतल्या एनसीपीएसारख्या संस्थेकडं संगीताचा संग्रह आहे, आकाशवाणीकडं आहे. पण काकूंच्या आईचा आवाज कुठल्याच संस्थेकडं नाही. तो बुटाच्या खोक्यात आहे.

म्हणून जाता जाता काही साध्या गोष्टी सांगतो. कॅसेट सापडली, की लगेच मशीनमध्ये घालू नका. वास घ्या, बुरशी बघा. बुरशी असेल तर ती इतर कॅसेटांपासून वेगळी ठेवा. मागच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे छोटे दात मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. टीव्हीच्या किंवा स्पीकरच्या शेजारी ठेवू नका, स्पीकरमध्ये चुंबक असतो. आपल्या ठाणे-कल्याणच्या पावसाळ्यात कपाटं ओलसर होतात, तेव्हा कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून उभ्या ठेवा. वाजवताना किंचाळली तर हट्टानं पुढं रेटू नका, थांबवा आणि जाणकाराकडं न्या. घरातलं कुठलंही तेल तिला लावू नका. आणि वाजवायची ती उतरवून घेण्यासाठीच वाजवा. उतरवलेला आवाज न दाबता, पूर्ण आकारात साठवा, आणि एकच प्रत ठेवून निर्धास्त होऊ नका. एक घरी, एक नातेवाइकांकडं, एक आणखी कुठंतरी. सोबत कुणाचा आवाज, कोणतं गाव, कोणतं साल, हे लिहून ठेवा. नुसतं ‘आई’ लिहिलं, तर नातवंडांना कळणार नाही, कुणाची आई.

यात जपायचं आहे ते बोलणं. छापलेल्या मराठीत मावत नाही असं किती तरी मराठी तोंडात होतं. जुन्नरची मराठी, परभणीची मराठी, कोकणातल्या मुसलमानांची बोली, आगरी माणसाचा हेल. पुस्तकात शब्द मिळतो, त्याचा सूर मिळत नाही. कवी म्हणून मला या सुराची गरज आहे, आणि वाचक म्हणून, श्रोता म्हणून तुम्हालाही आहे. कपाटातल्या खोक्यावर धूळ असेल. रविवार आहे, ते खोकं आजच खाली काढा. आत किंचाळणारं काही निघालं, तर घाबरू नका. तिला बोलायचं आहे, पण घसा कोरडा पडलेला आहे.